जवळा परतेपर्यंतचे खेळ

शेवंताबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी दोरीने बांधलेला होतो.

हे मी गमतीने लिहीत नाही. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आमचा पाडा रेवदंड्याच्या खाडीच्या या अंगाला. घरं संपली की जवळा वाळवायचं खळं, आणि खळं संपलं की पाणी. आई रोज सकाळी खळ्यावर जवळा पसरायला जायची. घरी मला सांभाळायला कुणी नाही, आणि मी एका जागी बसणारा नाही. म्हणून तिने जुन्या जाळ्याची दोरी माझ्या कमरेला बांधून दुसरं टोक मांडवाच्या खांबाला बांधलं होतं. त्या काळी खळ्यावर बरीच मुलं अशी बांधलेली असायची आणि त्यात कुणाला काही वाईट दिसायचं नाही. पाणी वीस पावलांवर, आणि आईचे दोन्ही हात कामात.

त्या दिवशी दोरीत पाय गुंतवून मी रडत होतो. शेवंताबाई बालवाडीकडे चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि गाठ सोडायला वाकल्या. आई तिथूनच ओरडली, "बाई, सोडू नका हां! सुटला की सरळ खाडीत जाईल."

"तू परतून घे तुझा जवळा. तवर हाय मी," बाई म्हणाल्या.

जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो उन्हात पसरला की थोड्या थोड्या वेळाने परतावा लागतो, नाहीतर खालून ओला राहतो आणि वास मारतो. आईने तेवढा परतेपर्यंत बाईंनी माझी दोरी वाळूवर सरळ टाकली आणि स्वतः तिच्यावरून एकापुढे एक पाऊल टाकत चालायला लागल्या. मला 'ये' म्हणाल्या नाहीत. टोकाला जाऊन वळून बघितलं तर मी रडणं विसरून दोरीवर उभा. खरं म्हणजे हे मला आठवत नाही, आईने सांगितलेलं आहे. पण तिने ते इतक्यांदा सांगितलं आहे की आता मला आठवतंच.

यंदा बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आज आमच्या अंगणवाडीत बाईंच्या जागी सुनंदाताई आहेत. या गौरवग्रंथाचं काम त्यांच्याकडेच आहे. त्यांनी फोन करून लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, "ताई, मी सातवीतून पळालेला माणूस. मी काय लिहिणार?" ताई म्हणाल्या, "शिकलेल्यांचे लेख खूप आलेत रे. प्रत्येकाने बाईंना दीपस्तंभ केलंय. आता दीपस्तंभ पुरे. बाईंनी ज्यांना खेळवलं त्यातला एक तरी पाहिजे." म्हणून आखातातल्या या कॅम्पात, पाइपलाइनच्या कामावरून आल्यावर, रोज थोडं थोडं लिहितो आहे. शब्द चुकले असतील तर समितीने सुधारावेत, मजकूर मात्र कमी करू नये ही विनंती.

बाईंचं काम काय, असं मला इथले दोस्त विचारतात. मी सांगतो, लहान मुलांना बाहेर खेळवणं. ते म्हणतात, त्यात काय एवढं? तर त्यात काय ते सांगतो.

बालवाडीची खोली अंधारी होती, एकच खिडकी. मुलं आत, आया खळ्यावर. मुलं दारात रडायची आणि आयांचं लक्ष कामात लागायचं नाही. बाईंनी सुरुवातीलाच ठरवलं की सकाळची बालवाडी खळ्याच्या कडेला, नारळांच्या सावलीत भरवायची. पोरगं दिसत असलं की आईचे हात चालतात आणि आई दिसत असली की पोरगं रडत नाही, एवढा साधा त्यांचा हिशोब. स्वतः त्या मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये बसायच्या, पाण्याकडे पाठ करून. कुणी म्हटलं, बाई, समोर एवढी छान खाडी आहे, तिकडे तोंड करून बसा की, तर म्हणायच्या, "खाडी कुठं जात न्हाय. पोरं जातात."

आणि बाईंचा प्रत्येक खेळ जवळा परतेपर्यंतचा. चार-पाच मिनिटं, जास्त नाही. बाई सांगतात की दोन-तीन वर्षांच्या मुलाचं मन तेवढंच टिकतं. त्याच्यापुढे टिकलं तर तो त्याने स्वतः काढलेला खेळ, आपण मध्ये पडायचं नाही. हा ग्रंथ आईबाप मंडळीही वाचतील, म्हणून काही खेळ लिहून ठेवतो. नारळाच्या दोन करवंट्या आणि परातभर पाणी घ्यायचं आणि एकीतून दुसरीत ओतायचं. बस, एवढंच. दोन वर्षांचं मूल त्यात असं रंगतं की त्याला हाक ऐकू येत नाही. रिकाम्या डब्यात शिंपला टाकायचा, आवाज ऐकायचा, काढायचा, परत टाकायचा. सकाळी सावल्या लांब असतात तेव्हा एकमेकांच्या सावलीवर पाय द्यायचा. उन्हं चढली की सावली पायाखाली येते आणि खेळ आपोआप संपतो, मुलांना थांबवायला लागत नाही. ओहोटीला ओल्या वाळूवर चालत जायचं आणि आपल्याच पावलांत पाय ठेवत परत यायचं. पावसाळ्यात खळं बंद असतं, तेव्हा आळवाच्या पानावर एक थेंब घेऊन तो न सांडता अंगणाच्या टोकापर्यंत न्यायचा. विकत आणलेली एकही वस्तू यात नाही.

एकदा तालुक्याच्या मॅडम तपासणीला आल्या होत्या. खोली रिकामी, भिंतीवर अक्षरांचे तक्ते, मुलं सगळी बाहेर. मॅडम म्हणाल्या, "अहो बाई, तक्ते आत आणि मुलं बाहेर. तुम्ही शिकवता काय?" बाई उठल्या. आळवाचं एक पान तोडलं, त्यावर थेंब घातला आणि मॅडमच्या हातात दिलं. "हे तेवढं त्या नारळापर्यंत न्या." मॅडम इस्त्रीच्या साडीत निघाल्या. सातव्या-आठव्या पावलाला थेंब खाली. तेव्हा चार वर्षांची एक मुलगी पुढे होऊन त्यांना समजावून सांगू लागली, "मॅडम, हळू चालायचं. नि वर न्हाय बघायचं, पानाकडं बघायचं." मॅडम हसल्या, आणि त्यांनी दुसरं पान मागून घेतलं. नंतर वहीत काय लिहिलं ते बाईंनी कधी सांगितलं नाही, पण तक्त्यांबद्दल परत कुणी विचारलं नाही.

बाई मुलांना 'शाब्बास' म्हणत नाहीत, हे पुष्कळांना खटकतं. मलाही खटकायचं. त्या म्हणतात, पोरगं करवंटीत बघत असतं, आपण शाब्बास म्हटलं की ते आपल्याकडं बघायला लागतं, खेळ गेला. त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे खेळ रंगात असतानाच थांबवायचा. आणि तिसरी गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, पण मी डोळ्यांनी बघितली.

आमच्याकडे नारळी पुनवेआधी होड्यांना रंग लावतात. आठवडाभर सगळा पाडा रंगाच्या वासात असतो आणि लहान मुलांना ब्रशच्या आसपास कुणी फिरकू देत नाही. म्हणून बाईंनी एक खेळ काढला होता. नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, ठेचून त्याचा ब्रश करायचा, डब्यात साधं पाणी घ्यायचं आणि किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या जुन्या होडीला 'रंग' द्यायचा. सुकी फळी पाण्याने काळी होते, ऊन लागलं की परत पांढरी. रंगवून कधी संपतच नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला वाटलं, या जुन्या होडीला काय रंगवायचं, शेजारी धर्माकाकांची होडी तर नवीनकोरी चमकते आहे. धर्माकाका म्हणजे आमच्या पाड्यातले मोठे तांडेल, होडी चालवणारे. मी पुढे आणि तिघे-चौघे मागे, आम्ही त्यांच्या होडीच्या नाकावर वाळूने भरलेले ब्रश फिरवले. निळा रंग अजून ओला होता.

धर्माकाका आले ते हातात वल्हं घेऊनच. "कुणी केलं हे?"

आम्ही सगळे बाईंच्या मागे. बाई म्हणाल्या, "मी केलं."

"बाई, तुम्ही?"

"खेळ माझा ना? मग डाग बी माझाच."

दोन दिवस दुपारभर बाई उन्हात बसून ते नाक पॉलिशपेपरने घासत होत्या आणि नवा रंग चढवत होत्या. त्यांचे यजमान आबा रंगाचा डबा धरून उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आबा सांगायचे, "छत्तीस वर्षं संसार केला, माझ्यासंगं ही कधी खेळली न्हाय. डबा धरायला मात्र मी!" बाई आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी परत तोच खेळ काढला. फरक एवढाच की मुलांना सोडण्याआधी त्या स्वतः फळीला बोट लावून बघत होत्या.

माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सातवीत शाळा सोडली. ट्रेलरवर क्लीनर झालो, मग दिघीला बंदरावर, मग गोव्याला हॉटेलात, मग गुजरातला बोटीवर. सहा महिन्यांवर कुठे टिकलो नाही. गावात गेलो की जो तो विचारायचा, आता काय सोडून आलास? बाईंनी असं कधी विचारलं नाही. नवीन काम लागलं असं सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "तिथं दुपारला बसायला सावली हाय का?" नसेल तर म्हणायच्या, टोपी घे. लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती पाच महिन्यांची असताना मी इकडे आखातात आलो.

गेल्या सुटीला तीन आठवड्यांसाठी घरी गेलो तेव्हा माझी तन्वी अडीच वर्षांची व्हायला आली होती. फोनवर रोज बघितलेली. मला वाटलं, पळत येईल. मी दारातच रेश्माच्या कडेवरून तिला उचलली, तर ती फळीसारखी ताठ झाली आणि अशी किंचाळली की शेजारी बाहेर आले. रेश्मा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, होईल सवय. पण झाली नाही. मी तिला खांद्यावर बसवून पाण्यात नेलं, खाऊ दिला, पाळण्यात घालून झोके दिले, सगळं केलं. चौथ्या दिवशी ती मला कडकडून चावली. सहाव्या दिवशी मी जेवत असताना रेश्माच्या मागे उभी राहून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आई, याला घालव."

त्या दिवशी मी एजंटला फोन केला. म्हटलं, अलीकडचं तिकीट मिळतं का बघ, मी लवकर जातो. मनात असं आलं होतं की मी लांबच बरा, पैसे पाठवणारा. परत आलो तर आलो, नाही तर नाही. रेश्माशी मी हे बोललो नव्हतो, पण तिने फोन ऐकला होता. त्यानंतर ती कुठे जाऊन आली ते मला संध्याकाळी कळलं, कारण बाई काठी टेकत आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"तिकीट बदलतोस म्हणं?"

"बाई, तिला मी नको आहे. मग इथे बसून काय करू?"

"बसलास कधी तू? आल्यापासून बघते हाय, उभाच हायस. नि तिच्याकडं बघतोस कसा, बाजारात पापलेट बघतात तसा! डोळे बघतोस, गाल बघतोस, उचलून बघतोस. ती काय टोपलीत हाय?"

आतून रेश्माचं हसणं ऐकू आलं. मला राग आला.

"उद्या सकाळी खळ्याकडं ये. तन्वीला रेश्मा आणेल. तू वाळूत बसून एक खड्डा खण. तिला हाक मारायची न्हाय. बघायचं न्हाय. रेश्माचा जवळा परतून झाला की उठायचं नि घरी यायचं."

"आणि ती जवळ आली तर?"

"तरी उठायचं."

पहिल्या दिवशी मी खड्डा खणला तो कामावर खणतो तसा. चारी बाजू सरळ, माती एका अंगाला रचलेली, गुडघाभर खोल. बाई काठीने त्याच्या कडेला टोचत म्हणाल्या, "विहीर काढलीस का? सगळं तूच करून टाकलंस. तिला करायला काय ठेवलंस?" दुसऱ्या दिवशी हाताने, वाकडातिकडा, अर्धाच खणला. तन्वी लांबून बघत होती, म्हणजे असं नंतर रेश्माने सांगितलं, मला बघायची परवानगी नव्हती. चार मिनिटं एका जागी बसणं मला बारा तासांच्या कामापेक्षा जड गेलं. पायाला मुंग्या येत होत्या, कुठेतरी उठून जावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर एक छोटी सावली पडली. ती अगदी हाताच्या अंतरावर उभी होती, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तेवढ्यात रेश्माचा जवळा परतून झाला आणि बाई म्हणाल्या, "ऊठ."

"बाई, आत्ता?"

"आत्ताच."

मी उठलो आणि घरी आलो. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं होतं की कसलं ते माहीत नाही. बाई मागून हळूहळू आल्या. ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तू उठून जातोस हे त्या पोरीला पक्कं ठाऊक हाय. दुसऱ्या दिवशी परत येतोस, ते तिला ठाऊक न्हाय. तेवढंच कळू दे तिला. दुसरं काय न्हाय."

दुपारी एजंटचा फोन आला. परवाचं तिकीट आहे, करू का? मी म्हटलं, राहू दे. आहे ते जुनंच ठेव.

चौथ्या दिवशी मी खड्ड्यात हात घालून बसलो होतो. कुठून तरी करवंटीभर पाणी आलं आणि खड्ड्यात पडलं. वाळूने ते पिऊन टाकलं. तन्वीने वाकून आत बघितलं. माझा हात उचलून त्याच्याखाली पाणी आहे का ते बघितलं. गेली, परत आणलं, परत ओतलं, परत गायब. तिसऱ्यांदा तिने रिकामी करवंटी माझ्यापुढे धरली. माझ्याकडे बघितलं नाही, खड्ड्याकडेच बघत होती. म्हणाली, "आण."

मी बादलीकडे गेलो आणि आणलं. तिने ओतलं. "आण." किती फेऱ्या झाल्या ते मी सांगू शकत नाही. रेश्माचा जवळा परतून झाला, आणि तिने तो परत एकदा परतला, काही गरज नसताना. आयुष्यभर वेळ झाली की वेळ झाली म्हणणाऱ्या आमच्या शेवंताबाई तेव्हा लांब कुठल्या तरी होडीकडे बघत होत्या.

पुढचे अकरा दिवस आम्ही रोज गेलो. निघायच्या दिवशी अलिबागला जायची रिक्षा दारात आली तेव्हा तन्वी रडली. रेश्माला वाईट वाटलं. मला, खरं लिहितो, बरं वाटलं. बाई म्हणाल्या, "रडू दे. आपलं माणूस गेलं की रडतात."

या ग्रंथात बाईंच्या सेवेबद्दल, पुरस्कारांबद्दल, किती पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या त्याबद्दल मोठी मंडळी लिहितील. मला एवढंच म्हणायचं आहे की एका पोरीला तिचा बाप आणि एका बापाला त्याची पोर, चार सकाळींत, एका खड्ड्यावर आणि एका करवंटीवर मिळवून देणाऱ्या या बाई आहेत. आमच्या पाड्यात असे मी एकटा नाही. ट्रेलरवर, बोटीवर, आखातात गेलेले पुष्कळ बाप आहेत आणि सुटीला आले की ते खळ्यावर वाळूत बसलेले दिसतात. आता त्यांना कुणी हसत नाही.

माझी पुढची सुटी अजून दीड वर्षाने आहे. तोवर तन्वी चार वर्षांची होईल. बाई सांगतात, चार वर्षांचं मूल वेगळं असतं, त्याला लपायला हवं असतं, नियम हवे असतात आणि हरायलाही शिकायचं असतं. ते खेळ मला येत नाहीत. मी म्हटलं, बाई, फोनवर सांगा, लिहून घेतो. बाई म्हणाल्या, "फोनवर काय खेळ शिकतात? तू ये, मग दाखवते."

तेव्हा बाई, सगळ्यांच्या समक्ष सांगतो. तुम्ही दाखवते म्हणालात, तो शब्द मी धरून ठेवला आहे. गुडघ्याला तेल लावत जा, डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, आबा देतील त्या गोळ्या वेळेवर घ्या. तुम्हाला खूप मोठं आणि धडधाकट आयुष्य मिळू दे, हे मी देवाकडे मागतो. त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. मी येतो आहे.